पल्ला

एकतीस वर्षे मी नववी-दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवले. त्या एकतीस वर्षांत 'वेगाचा वर्ग' हे दोन शब्द मी फळ्यावर किती वेळा लिहिले असतील, त्याचा हिशेब नाही. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, हे मी सांगत असे. मुले ते वहीत उतरवून घेत, परीक्षेत लिहीत, आणि मी तांबड्या शाईने खूण करून गुण देत असे. पण खरे सांगायचे तर त्या वर्गाची धग मला स्वतःला कधी लागली नव्हती. पायी शाळेत जाणाऱ्या आणि पायीच घरी येणाऱ्या माणसाला ती लागावी तरी कशी? ती लागली निवृत्तीनंतर आठ वर्षांनी, पुतण्याच्या ट्रकमध्ये, साताऱ्याच्या अलीकडे.

माझे थोरले बंधू कराडला मालवाहतुकीचा धंदा करीत. त्यांना सगळा गाव दादा म्हणे. दादा गेले तेव्हा दोन डिझेलचे ट्रक आणि एक ड्रायव्हर असा वारसा पुतण्याच्या हाती आला. ट्रक जुने झाले, विकले गेले. ड्रायव्हर राहिले. त्यांना आम्ही सारे मामा म्हणतो. ते कुणाचे मामा, हे मात्र कुणालाच ठाऊक नाही. पुतण्याला स्टिअरिंग धरायला मामांनीच शिकवले, ही गोष्ट पुढे येणार आहे म्हणून इथे सांगून ठेवतो.

गेल्या वर्षी पुतण्याने विजेवरचा ट्रक घेतला. मालासकट सात टनांचा, साठ युनिटांची बॅटरी. कर्ज काढून घेतला, हे सांगायला नकोच. त्या दिवसापासून आमच्या घरात 'रेंज' हा शब्द शिरला. आमच्या सौभाग्यवतींना पहिले आठ दिवस वाटत होते की पोराच्या मोबाईलला रेंज मिळत नाही, म्हणून तो असा चिंतेत असतो. मी म्हटले, "अगं, रेंज म्हणजे पल्ला. एकदा चार्ज केली की गाडी किती लांब जाते, तो पल्ला." तेव्हापासून घरात पल्ला हाच शब्द रूढ झाला. पूर्वी दादा रात्री उशिरा घरी आले की वहिनी पहिला प्रश्न विचारायच्या, "जेवलात का?" आता पुतण्या आला की सूनबाई विचारतात, "किती उरली?"

ही एवढी धास्ती कशाची, हे मला सुरुवातीला उमगत नव्हते. मग एके दिवशी मी हिशेब मांडला. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा युनिट ऊर्जा असते. म्हणजे पुतण्याच्या ट्रकची ती अख्खी बॅटरी, जिच्यासाठी त्याने जमीन तारण ठेवली, ती अवघ्या सहा लिटर डिझेलइतकी! दादांच्या ट्रकच्या टाकीत एका वेळी शेकडो युनिटे हेलकावे खात असत. डिझेलचे इंजिन त्यातला एकतृतीयांश, फार तर थोडा अधिक भाग चाकापर्यंत पोहोचवी, बाकीचा उष्णता होऊन हवेत जाई. पण कुणाला त्याची खंत नव्हती. श्रीमंताघरच्या मुदपाकखान्यात दोन वाट्या तूप सांडले तर कोण मोजतो? विजेची मोटर तशी नाही. ती दिलेल्यातले बहुतेक सगळे कामाला लावते. पण तिच्या गाठीला असते थोडे. मास्तराच्या पगारावर संसार केलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. पगार कमी असला की कुणाचा हात सैल आणि कुणाचा आखडता, ते महिनाअखेरीला उघडे पडतेच.

आता साताऱ्याची गोष्ट. श्रावणात पुतण्या माल घेऊन पुण्याला निघाला होता. मलाही पुण्यात काम होते, म्हणून मी शेजारी बसलो. बेत असा, की दुपारी शिरवळच्या आसपास जेवायचे आणि जेवण होईपर्यंत गाडीही चार्जिंगला लावायची. कराडपासून ते अंतर शंभर-एकशेदहा किलोमीटर. महामार्गाला लागताच पुतण्याने वेग ऐंशीवर नेला. रस्ता गुळगुळीत, गाडीला आवाज नाही. मला तर आपण पाटावर बसून सरकतो आहोत असे वाटत होते. समोरच्या पडद्यावर मात्र एक आकडा भराभर उतरत होता. साताऱ्याला पोहोचलो तेव्हा बावन्न किलोमीटरांत बॅटरी पंचेचाळीस टक्के खाली आलेली. पुढे खंबाटकीचा घाट. पुतण्याचा चेहरा कसानुसा झाला. साताऱ्यातच एका हॉटेलच्या आवारात गाडी लावली. तिथे आमच्या आधी एक मोटार लागलेली होती. दीड तास आम्ही चहा पीत बसलो.

त्या दीड तासात मी खिशातल्या डायरीत आकडे मांडले. पन्नासच्या वेगाने आलो असतो तर किलोमीटरला साधारण युनिटाचा तिसरा हिस्सा लागला असता. ऐंशीने अर्ध्याहून जास्त लागला. वेळ वाचला होता तेवीस मिनिटे. ती वाचवण्यासाठी आम्ही नव्वद मिनिटे घालवली आणि चार चहा प्यालो!

हे का होते, ते ज्याने लहानपणी एस.टी.च्या खिडकीतून हात बाहेर काढून कंडक्टरची बोलणी खाल्ली आहेत त्याला कळेल. गाडी फाट्यावरून निघते तेव्हा हाताला नुसती झुळूक लागते. गाडीने वेग घेतला की तीच हवा हात मागे ढकलते, मुडपते. आपण हवेला खिजगणतीत धरत नाही, कारण ती दिसत नाही; पण ट्रकचे तोंड म्हणजे एक भिंतच, आणि ती भिंत पुढे रेटत न्यायची म्हणजे दर क्षणाला समोरची हवा बाजूला सारायची. चाळीसच्या वेगाला हवेचा जो रेटा असतो तो ऐंशीला दुप्पट होत नाही, चौपट होतो. साठावरून ऐंशीवर जाणे म्हणजे वीसचीच तर गोष्ट, असे आपल्याला वाटते. हवेच्या लेखी तो रेटा जवळजवळ पावणेदोनपट होतो. रस्त्याचे तसे नाही. टायर आणि रस्ता यांच्या घासाघाशीला जे काही लागते ते वेग कमी असो की जास्त, किलोमीटरला साधारण तेवढेच. रस्ता ठरलेला पैसा घेतो. हवा गरजवंत बघून भाव वाढवते.

मी हे पुतण्याला सांगितले. तो म्हणाला, "काका, सूत्र मलाही येतं. तुम्हीच शिकवलंत. पण मागून ट्रॅव्हल्सवाला हॉर्न देत असला की सूत्र आठवत नाही."

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस पुतण्या एका संध्याकाळी माझ्याकडे आला. गाडीच्या कंपनीने मोबाईलवर एक सोय दिली आहे. प्रत्येक फेरीत किती वीज खर्च झाली आणि किती परत मिळाली, ते तीत दिसते. परत मिळते ती अशी : उतारावर किंवा वेग कमी करताना चाकेच मोटरला फिरवतात, मोटर जनित्र होते, आणि वीज उलटी बॅटरीत जाते. पुतण्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. कराड-चिपळूणच्या फेऱ्या होत्या. त्याच्या स्वतःच्या फेरीत कुंभार्ली घाटाची भरघोस जमा दिसत होती. मामांच्या पाच फेऱ्यांत त्या जागी जवळजवळ शून्य.

"मामांना ही गाडी जमत नाही, काका," तो म्हणाला. "पाडव्यापासून दुसरा मुलगा ठेवायचं म्हणतोय. पण वडिलांच्या वेळचा माणूस आहे. उगाच अन्याय नको. तुम्ही एकदा बरोबर जा आणि नुसतं बघा ते काय चुकतात ते. त्यांना सांगू नका."

मी हो म्हटले. का म्हटले, हे आजही मला नीट सांगता येणार नाही. मास्तरकी संपली तरी पर्यवेक्षकाची खुर्ची दिसली की बसावेसे वाटते, हेच खरे.

वसुबारसेच्या पहाटे आम्ही निघालो. मागे कराडच्या गुळाच्या ढेपा. कोकणात नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर पोह्यांचे नाना प्रकार करतात, त्यातले गूळपोहे आमच्या गुळावाचून होतील कसे? निघण्यापूर्वी मामांनी प्रत्येक टायरवर टॉमी मारून आवाज ऐकला, एका चाकात हवा भरायला लावली, आणि ताडपत्रीची दोरी अशी आवळली की वाऱ्याला आत बोट घालायला जागा राहू नये. मी डायरीत टिपण केले. फडफडणारी ताडपत्री आणि मऊ टायर, दोन्ही पल्ला खातात. पण हे मामांना कुणी सांगितले नव्हते. डिझेलच्या काळापासूनची त्यांची रीतच ती.

कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम मागे टाकून रस्ता कोयनेच्या काठाने पाटणकडे जातो. त्या रस्त्यावर मी मामांचे पाऊल पाहत बसलो. पंचेचाळीस-पन्नासच्या वर काटा जात नव्हता. पुढे दोन फर्लांगांवर उसाची बैलगाडी दिसली की मामांचा पाय तिथूनच उचलला जाई. ट्रक आपोआप मंदावे. बैलगाडीपाशी पोहोचेपर्यंत समोरून येणारी मोटार निघून गेलेली असे, आणि ब्रेकला न शिवता आम्ही पुढे. पुतण्या अशा वेळी बैलगाडीच्या शिंगाला भिडेपर्यंत जातो, करकचून थांबतो, पुन्हा उसळी घेतो. थांबताना काही वीज परत मिळते हे खरे. पण दिलेले सगळे कधीच परत येत नाही, आणि जोराचा ब्रेक दाबला की ते लोखंडाच्या घासण्यातच जाते. मामा मुळात देतच नव्हते. घाटाच्या माथ्यावर पोहोचलो तेव्हा बॅटरी सहासष्टावर होती. त्याच जागी पुतण्याच्या फेरीचा आकडा मी मोबाईलवर पाहिला होता. छप्पन्न.

पाटणला चहासाठी थांबलो असताना मामा माझ्या डायरीकडे पाहत सहज म्हणाले, "मास्तर, त्यात काय लिवलंय ते मी इचारत न्हाई. तुमचं काम तुमी करा, माजं मी करतो."

चहा मला गोड लागला नाही.

कुंभार्लीच्या माथ्यावरून खाली कोकण उतरत जाते. सहाशे मीटरांच्या आसपासची उंची आपण काही मिनिटांत सोडून देतो. पहिले वळण आले तसे मामांनी खटका फिरवून गाडी न्यूट्रल केली. मोटर चाकांपासून मोकळी झाली आणि सात टनांचा गूळ आपल्याच वजनाने घरंगळू लागला. मामा ब्रेकवर पाय ठेवून होते. अधूनमधून दाबत, सोडत. वाटेत 'उतारावर वाहन न्यूट्रल करू नये' अशी पाटी आली, गेली. दोन वळणांनंतर तापलेल्या ब्रेकचा करपट वास केबिनमध्ये शिरला. पडद्यावरचा आकडा सहासष्टावर खिळून होता. मला सगळे कळले. पण घाटातले वळण ही धडा शिकवायची जागा नव्हे. मी मुकाट बसलो. दोन्ही हातांनी सीटची कड धरून, हेही प्रांजळपणे सांगतो.

पायथ्याशी पोफळीला आलो. "जरा चाकं निवू द्या," म्हणत मामांनी टपरीपाशी ट्रक लावला. बाकावर बसल्यावर मी विचारले, "मामा, घाटात न्यूट्रल का करता?"

"डिझेल वाचतं की, मास्तर." त्यांना माझ्या प्रश्नाचेच नवल वाटले. "पस्तीस वर्सं ह्या घाटानं मला डिझेल वाचवून दिलं. दादा म्हनायचे, मामा, ते तुमच्या चहाचं. कधी हिशोब न्हाई इचारला."

म्हणजे पुतण्याच्या मोबाईलवर ज्याच्यापुढे नालायकीचा शून्य पडत होता, तो निष्काळजीपणा नव्हता. ती काटकसर होती. धोक्याची, पाटी लावून बंदी घातलेली, पण काटकसरच. मालकाचा पैसा वाचवण्यासाठी अंगात मुरवलेली. गाडी बदलली आणि तीच सवय उधळपट्टी ठरली.

आता हे सांगायचे कसे? गतिज ऊर्जा, स्थितिज ऊर्जा हे शब्द माझ्या तोंडाशी आले आणि मी ते गिळले. समोर डोंगर होता. त्या डोंगराच्या पोटात कोयनेचे वीजघर आहे. कोयना मूळची पूर्वेला वाहणारी नदी, कराडला कृष्णेला मिळणारी. धरण बांधून तिचे पाणी अडवले, बोगद्यांतून पश्चिमेकडे वळवले आणि या सह्याद्रीच्या कड्यातून खाली सोडले. १९६२ साली इथे पहिली वीज झाली, आणि पुढचे टप्पे धरून आज इथली ताकद १९६० मेगावॅट आहे. पाणी मग वाशिष्ठीला मिळून चिपळूणवरून समुद्राला जाते. थोडक्यात, आम्ही ज्या वाटेने गूळ घेऊन उतरलो होतो, साधारण त्याच वाटेने कोयनाही उतरत होती.

"माजा बाप हितंच होता," मामा डोंगराकडे हनुवटी उचलून म्हणाले. "बोगद्याच्या कामावर. मी चार वर्सांचा आसताना भूकंप झाला बगा, सदुसष्ट साली. डिसेंबरातली पहाट. आईनं मला उचलून आंगनात पळत आनलं, तेवढंच आठवतंय."

"मामा," मी म्हटले, "धरणातलं पाणी नुसतंच कड्यावरून खाली सोडून दिलं असतं, तर काय मिळालं असतं?"

"काय मिळनार? आवाज."

"आणि चक्र फिरवायला लावलं म्हणून?"

"म्हनून लाइट."

मी डायरी उघडून त्यांच्यापुढे ठेवली. सात टन वजन, पाचशे मीटर उतार : साडेनऊ युनिट. त्यातली काही रस्ता आणि हवा खाणार, काही मोटरच्या आणि बॅटरीच्या देवघेवीत जाणार. तरी पाचएक युनिट गाठीला बांधता यावीत. बॅटरीचे आठ टक्के. मामा त्या आकड्यांकडे बराच वेळ पाहत राहिले. कपातला चहा तसाच होता.

"म्हंजे मास्तर," ते हळूच म्हणाले, "मी रोज भरलं पानी सांडव्यावरनं सोडत होतो."

एकतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला असे उत्तर दिले नव्हते. आणि मी काही बोलणार, तोच मामांचे डोके पुढे धावले होते. "पन धरण आधीच काठोकाठ आसलं तर? मग सांडवाच की. म्हंजे वर कोयनानगरला बॅटरी फुल करून घाट उतरायचा न्हाई. जागा ठिवायची."

हे अगदी खरे आहे. भरलेली बॅटरी उताराचे दान घेऊ शकत नाही. पण ते माझ्या लक्षात आले नव्हते. मी डायरीत लिहून घेतले.

मग मी त्यांना सांगून टाकले की मला कशासाठी पाठवले होते. मामा हसले. "धाकल्या मालकाचं काय चुकलं? पैसा त्याचा हाय. मला फकस्त वाटायचं, ह्या गाडीला आवाजच न्हाई. इंजिन काय म्हनतंय ते कानाला कळायचं, तसं गीअर टाकायचो. ही मुकी. मुक्या जनावराशी बोलायचं कसं, ते कुनी सांगितलंच न्हाई."

येताना नारळ भरले. चिपळूणला चार्जिंग करून पोफळीहून घाट चढलो, तेव्हा एका चढाने तेरा-चौदा युनिटे घेतली. चढाला वेगाची फारशी मातब्बरी नाही. तिथे वजन बोलते, आणि वजनाशी घासाघीस करता येत नाही. मामा पंचवीस-तीसच्या चालीने चढत राहिले. माथ्यापाशी एकदा त्यांनी मागे वळून खाली पाहिले, आणि माझ्याकडे बघून मान हलवली, एवढेच.

धनत्रयोदशीच्या रात्री मी पुतण्यापुढे डायरी ठेवली. एका पानावर मामांची फेरी होती : सपाटीवर नफा, घाटात तोटा. दुसऱ्या पानावर त्याची स्वतःची : घाटात नफा आणि सपाटीवर त्याहून मोठा तोटा, शिवाय साताऱ्याचे दीड तास आणि चार चहा. मोबाईलवर फक्त परत आलेले दिसत होते, मुळात वाचवलेले नाही. जे खर्चच झाले नाही ते कुठला पडदा दाखवणार?

त्याने दुसरे पान दोनदा वाचले. "हे कुणी लिहायला सांगितलं होतं?"

"कुणी नाही," मी म्हटले.

तो डायरी तिथेच ठेवून उठून गेला. दुसऱ्या दिवशी फराळाला आला तेव्हाही त्या विषयावर अक्षर बोलला नाही, आणि मीही काढला नाही. सूनबाईंनी अनारशांचे ताट पुढे केले. मी दोन घेतले, त्याने एकही घेतला नाही. पाडव्याला संध्याकाळी वहीपूजनासाठी दुकानात गेलो. नव्या वहीवर हळदकुंकू वाहिलेले होते. पुतण्याने मामांना पुढे बोलावले, पानसुपारी दिली आणि म्हणाला, "मामा, भाऊबीज झाली की चिपळूणची फेरी आहे. मी येतो बरोबर. सपाटीला तुम्ही चालवा, घाटात मी दाखवतो."

मामा म्हणाले, "आन् सपाटीला तुमी काय करनार?"

"तुमचा पाय बघत बसणार."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवून आडवा झालो होतो, तेव्हा फोन वाजला. पलीकडे टपरीवरची कपबशांची खळखळ ऐकू येत होती.

"मास्तर, पोफळीतनं बोलतोय," मामांचा आवाज आला. "सात आले. धाकले मालक म्हनतात, आठ याला पायजे होते. दोन वळनांवर माजा पाय चुकून ब्रेकवर गेला."